‘बिस्मिल्ला’ कोण म्हणतंय? एका रॉक गाण्याच्या अर्थाचं प्रकरण

कॅसेट त्या जागेवर आली की मी ती थांबवायचे, थोडी मागे घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. 1992 साल, पुण्यातलं मुलींचं वसतिगृह, खोलीत आम्ही तिघी आणि टेपरेकॉर्डर एक. सारखं मागे-पुढे केल्यामुळे फीत एकदा बाहेर आली. पेन्सिल घालून मी ती गुंडाळली, पण तेव्हापासून नेमक्या त्याच ठिकाणी आवाज थरथरायचा. गाणं होतं ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. गाण्याचे शब्द मी ऐकून ऐकून वहीत उतरवत होते. साडेतीन मिनिटांच्या सुमाराला गायकांचा अख्खा जमाव एक शब्द ओरडतो, आणि तो मला काही केल्या लागत नव्हता. वहीत तिथं मोकळी जागा सोडली होती.

माझी मिरजेची रूममेट जर्नल पूर्ण करत बसली होती. तिनं मान वर केली.

“अगं, बिस्मिल्ला म्हणतायत ते.”

“इंग्रजी गाण्यात?”

“लाव परत.” मी लावलं. “बिस्मिल्लाच आहे. पण म्हणतंय कोण? ज्याला धरलंय तो, का ज्यांनी धरलंय ते?”

मी म्हटलं, उघड आहे, धरलेला मुलगा म्हणतोय. देवाचा धावा करतोय. तिला ते पटलं नाही. “सोडा मला म्हणताना कुणी बिस्मिल्ला म्हणेल का? या अल्ला म्हणेल. बिस्मिल्ला सुरुवातीला म्हणतात. जेवायला बसताना, काही हातात घेताना. कुर्बानीच्या वेळी.” शेवटचा शब्द बोलून ती थांबली आणि मग आम्ही दोघीही काही बोललो नाही.

एका गाण्याच्या अर्थावर माणसं पन्नास वर्षं कशी आणि कशासाठी भांडतात, याचं हे प्रकरण मी त्या मोकळ्या जागेपासून मांडते आहे. तिचा प्रश्न या गाण्याबद्दलच्या बहुतेक मोठ्या सिद्धान्तांपेक्षा चांगला होता असं मला आज वाटतं. गाण्यातला एक शब्द धरून, तो कुणाच्या तोंडी आहे, एवढंच तिनं विचारलं होतं.

गाण्यात काय घडतं

गाणं 31 ऑक्टोबर 1975 ला इंग्लंडमध्ये बाजारात आलं. लांबी 5 मिनिटं 55 सेकंद. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी वाजवायच्या त्या काळात हे एवढं लांब गाणं कुणी लावणार नाही असं सांगितलं जात होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकानं ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं. पुढे नऊ आठवडे ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

त्याला ध्रुवपद नाही. एकही ओळ समूहानं परत परत म्हणावी अशी येत नाही, तरी जगभरचे लोक ते एकत्र, मोठ्यानं म्हणतात. सुरुवातीला नुसते गळे आहेत आणि त्यांना पडलेला प्रश्न: हे खरं आहे की कल्पना? मग पियानो येतो आणि एक मुलगा आईला सांगायला लागतो. त्यानं एका माणसाला मारलंय, डोक्याला पिस्तूल लावून. आयुष्य नुकतं कुठे सुरू झालं होतं आणि आपण ते उधळून टाकलं. आई, तुला रडवायचं नव्हतं. उद्या या वेळेला मी परतलो नाही तर तू तुझं चालू ठेव. या भागाच्या शेवटी ब्रायन मेची गिटार येते, आणि तीन मिनिटं तीन सेकंदांवर सगळं एकदम तुटतं.

इथून पुढे जेमतेम एक मिनिटभर ऑपेरा आहे. एका माणसाची सावली दिसते. तिला ‘स्कारामूश’ अशी हाक मारून नाचायला सांगतात. विजा कडाडतात. गॅलिलिओ, फिगारो अशी नावं उंच आणि खालच्या सुरात एकमेकांवर फेकली जातात. मुलगा म्हणतो, मी गरीब, मला जाऊ द्या. एक गट म्हणतो सोडा त्याला, दुसरा म्हणतो नाही सोडणार. शेवटी सैतानांचा सरदार बेल्झेबब माझ्यासाठी एक सैतान राखून ठेवून बसलाय, असं तो किंचाळतो आणि तिथून कडक रॉक सुरू होतं. आता तो विनवत नाही, चिडतो: मला दगड माराल, डोळ्यांत थुंकाल आणि वर प्रेम कराल असं वाटतं का तुम्हाला? मग सगळं शांत होतं. कशानंच काही फरक पडत नाही, वारा कुठूनही वाहो. शेवटी एका मोठ्या घंटेचा ठोका.

वेल्समध्ये मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत ऑगस्ट 1975 मध्ये काम सुरू झालं. एका मिनिटाच्या त्या ऑपेराला तीन आठवडे लागले. जमाव ऐकू येतो तो फक्त तीन माणसांचा आहे: मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. तेच तिघं एकावर एक आवाज चढवत गेले. एकाच फितीवर इतक्या वेळा ध्वनिमुद्रण झालं की तिच्यावरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली, असं बँडची मंडळी नंतर सांगत. पेन्सिलीनं गुंडाळलेली माझी फीत आठवून मला हे वाचताना फार जवळचं वाटलं होतं. माझा शब्द जिथं झिजला, तिथंच त्यांचीही फीत झिजली होती.

पाचगणीचा मुलगा

गाणं फ्रेडीनं एकट्यानं लिहिलं. 5 सप्टेंबर 1946 ला झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये जन्मलेला हा फारुख बलसारा. घर पारशी, मूळ बलसाडचं, आडनावही तिथलंच. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. आठ वर्षांचा असताना, 1955 साली, आईवडिलांनी त्याला बोटीनं हिंदुस्थानात पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथं तो फारुखचा फ्रेडी झाला, शाळेच्या वृंदात गायला, पियानो शिकला आणि मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. 1963 मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी 1964 मध्ये तिथं क्रांती झाली, कत्तली झाल्या आणि बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला गेलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

आपल्याकडे पाचगणीचा हा धागा अभिमानानं सांगितला जातो आणि तिथंच सोडून दिला जातो. टेबल लँडवर घोड्यावर बसायचं, स्ट्रॉबेरी घ्यायची, येताना कुणीतरी म्हणतं, “इथंच होता तो.” अर्थाच्या दृष्टीनं हा धागा यापेक्षा बराच पुढे जातो. आठ वर्षांचं मूल आईपासून समुद्र ओलांडून दूर येतं. घरात अवेस्ताच्या प्रार्थना, स्टोन टाउनच्या गल्लीत अजान, शाळेत अँग्लिकन चर्चचं प्रार्थनागीत. पुढे त्याच्या गाण्याच्या एका मिनिटात ‘बिस्मिल्ला’ आणि बायबलातला बेल्झेबब एकाच कचेरीत हजर होतात, तेव्हा इंग्रज समीक्षकांना ते विक्षिप्त वाटतं. मला वाटत नाही. ज्यानं लहानपणी तीन धर्मांचे देव आणि सैतान एकाच आठवड्यात ऐकलेत, त्याला न्यायनिवाड्याचा प्रसंग असाच दिसेल. हे माझं वाचन आहे, फ्रेडीनं तसं कुठे म्हटलेलं नाही.

फ्रेडीनं खरं तर काहीच म्हटलेलं नाही. हे कल्पनेच्या जातीचं गाणं आहे, लोकांनी ऐकावं, विचार करावा आणि आपापलं ठरवावं, एवढंच तो सांगायचा. हे गाणं हवेतून पडलेलं नाही, आपण त्यासाठी थोडा अभ्यास केला होता, असंही त्यानं सांगितलं. रॉजर टेलरच्या मते गाणं पुरेसं स्पष्ट आहे, मधे थोडा निरर्थक भाग आहे इतकंच. ब्रायन मे म्हणतो की अर्थ कधीच कळणार नाही, आणि मला माहीत असता तरी मी सांगितला नसता. केनी एव्हरेटनं सांगितलं की हे नुसते यमकात बसवलेले शब्द आहेत, असं फ्रेडी आपल्याला म्हणाला होता. घरच्या माणसांचीच साक्ष अशी फुटलेली असल्यावर चाहत्यांना रान मोकळं मिळालं.

चाहत्यांची वाचनं

सगळ्यात सरळ वाचन असं: हा खुनी मुलगा आहे, हा त्याचा कबुलीजबाब, हा खटला, ही शिक्षेच्या आदल्या रात्रीची तडफड आणि हा शेवटचा स्वीकार. हे वाचन शब्दांशी इमान राखतं. याच वाचनाचे थोडे वाचलेले चाहते फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या 1942 च्या ‘द आउटसायडर’ या कादंबरीकडे बोट दाखवतात. तिथंही एक तरुण कारण नसताना माणूस मारतो, तिथंही खटला आहे, आई आहे आणि कशाला काही अर्थ नाही असं म्हणणारा शेवट आहे. साम्य खरं आहे. पण कादंबरीतल्या माणसाला आईच्या मरणाचंही रडू येत नाही, आणि इथला मुलगा आईला रडवल्याबद्दल माफी मागतो. ज्याला कशाचंच काही वाटत नाही तो आईला हाक मारून गाणं सुरू करणार नाही. माझ्या दृष्टीनं काम्यूचा धागा इथं तुटतो.

दुसरं वाचन आज सर्वांत जास्त मान्य आहे: हे फ्रेडीनं आपण समलैंगिक असल्याचं स्वतःशी कबूल केल्याचं गाणं आहे. त्याच्याबरोबर 1988 च्या अल्बमसाठी काम केलेले गीतकार टिम राइस यांनीही हेच मत जाहीरपणे मांडलं. मारलेला माणूस म्हणजे आतापर्यंत जगाला दाखवलेला फ्रेडी. आई म्हणजे आईच. खटला भरवणारा जमाव म्हणजे समाज, आणि चिडलेला रॉकचा भाग म्हणजे सुटून बाहेर पडण्याची धडपड. संदर्भ पक्के आहेत. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलैंगिक संबंध 1967 पर्यंत गुन्हा होता, म्हणजे गाण्याच्या आधी फक्त आठ वर्षं. फ्रेडी तेव्हा त्याची प्रेयसी मेरी ऑस्टिन हिच्याबरोबर राहत होता आणि ते नातं याच सुमाराला बदलत होतं.

हे वाचन मी हलक्यानं घेत नाही. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी फ्रेडीवरचा चित्रपट आला. माझ्या ओळखीतल्या एका तरुणानं त्या हिवाळ्यात मला सांगितलं की हे गाणं ऐकताना पहिल्यांदा कुणीतरी आपल्याऐवजी आईशी बोलल्यासारखं वाटलं. त्यानं त्या गाण्यात जे ऐकलं ते गाण्यात आहे. आईला सांगायला हवं, सांगवत नाही, सांगितलं की सगळं मोडेल: ही गोष्ट पहिल्या अडीच मिनिटांत इतकी उघडी आहे की ती ऐकायला कुठल्या गुपिताची गरज नाही.

माझी अडचण पुढची आहे. हे वाचन चावी म्हणून हातात घेतलं की माणसं गाणं ऐकायचं थांबवतात. “ते ना, त्याच्या समलैंगिकतेबद्दल आहे,” असं म्हणून मोकळी होतात. आणि शेवट या चावीनं उघडत नाही. सत्य सांगून मोकळा झालेला माणूस गाण्याच्या शेवटी सुटलेला हवा. इथं तो दमलेला आहे. दार फोडून बाहेर पडण्याइतका जोर लावतो आणि मग म्हणतो, कशानं काही फरक पडत नाही. 1975 मधल्या माणसाची ती खरी अवस्था असू शकते, कारण त्यानं तेव्हा जगाला काहीच सांगितलं नव्हतं. तसं असेल तर हे न सांगू शकलेल्या कबुलीचं गाणं ठरतं, आणि मला ते जास्त जड वाटतं.

तिसरं वाचन लवकर निकाली निघतं. 24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी एड्सनं गेला. गाणं पुन्हा बाजारात आलं, पाच आठवडे पुन्हा पहिल्या क्रमांकावर राहिलं, त्याचं उत्पन्न टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सवर काम करणाऱ्या संस्थेला गेलं, आणि त्या दुःखात अनेकांना गाण्यात तो आजार ऐकू यायला लागला. मरायचं नाही, पाठीच्या कण्यातून शिरशिरी जाते, अंग दुखत राहतं, या ओळी आहेतच. पण तो आजार वैद्यकाच्या नोंदीत पहिल्यांदा आला 1981 मध्ये. गाणं त्याच्या सहा वर्षं आधीचं. माणूस गेल्यावर त्याच्या जुन्या पत्रांत मरणाच्या खुणा सापडतात, तसं झालं हे. वाचन म्हणून ते टिकत नाही, शोक म्हणून मला ते समजतं. आम्हीही त्या वसतिगृहात 1992 मध्ये काही दिवस हेच मानत होतो.

आता मधला ‘निरर्थक’ भाग. आपण मराठी माणसांनी तरी या शब्दाला घाबरू नये. ज्ञानदेवांच्या नावावरचा कूट अभंग आपल्याकडे शतकानुशतकं गायला जातोय: काट्याच्या अणीवर तीन गावं वसली, त्यातली दोन ओसाड आणि एक वसलंच नाही. कीर्तनकार त्यावर तासभर निरूपण करतात, प्रत्येकाचं वेगळं, आणि अभंग निरर्थक आहे असं सांगून कुणी खाली बसत नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो कुणाला, हे वारीतल्या आजीला सांगावं लागत नाही. वरवर वेडंवाकडं वाटणाऱ्या शब्दांखाली हात घालून बघायची सवय आपल्या अंगात आहे, ती इथं वापरायला हरकत नाही.

स्कारामूश हे इटलीच्या जुन्या लोकनाट्यातलं पात्र. काळे कपडे, तोंडात बढाई, अंगात भित्रेपणा. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याच्या जवळचा. त्याला फांदांगो नाचायला सांगतात, म्हणजे आरोपीला कचेरीत उभं करून आधी त्याची टर उडवतात. गॅलिलिओवर 1633 मध्ये रोमच्या धर्मपीठानं खटला चालवला आणि पुढचं आयुष्य त्याला घरातच कैद करून ठेवलं. ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी, 1970 मध्ये सुरू केलेली पीएचडी त्यानं 2007 मध्ये पूर्ण केली, म्हणून गॅलिलिओ हा त्याला केलेला लाडिक नमस्कार, असंही बरेच चाहते म्हणतात. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. फिगारो ऑपेरातला न्हावी, मालकांना डोक्यानं हरवणारा नोकर. विदूषक, आरोपी शास्त्रज्ञ, चलाख नोकर: ही सगळी बड्यांच्या समोर उभी राहणारी माणसं आहेत. फ्रेडीनं हे शब्द नादासाठी निवडले असतील, हे मला पूर्ण मान्य आहे. गॅलिलिओ, फिगारो, मॅग्निफिको हे एकामागोमाग म्हणून बघा, जीभच पुढचा शब्द मागते. पण नादाच्या मागे गेलेला कान रिकाम्या हातानं परतत नाही. ओवी रचणारी बाईही आधी यमक धरते आणि मग त्यातून मनातलं बाहेर येतं.

इराणमधला कागद

2004 मध्ये इराणमध्ये क्वीनच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे विक्रीला आली. सरकारच्या परवानगीनं तिथं विकला गेलेला तो पहिला पाश्चात्त्य रॉक अल्बम. प्रेमगीतं गाळली होती, हे गाणं ठेवलं होतं. कॅसेटबरोबर गाण्यांचा अर्थ समजावणारा फारसी कागद होता. त्यात म्हटलं होतं की एका तरुणाच्या हातून चुकून खून झाला, जर्मन दंतकथेतल्या फाउस्टसारखा त्यानं आपला आत्मा सैतानाला विकला, आणि फाशीच्या आदल्या रात्री ‘बिस्मिल्ला’ म्हणत त्यानं देवाला हाक मारली व आत्मा परत मिळवला.

ही बातमी वाचताना मला वसतिगृहाची खोली आठवली. माझं 1992 चं उत्तर सरकारी परवानगीनं छापून आलं होतं: मुलगा म्हणतोय, देवाचा धावा. अर्थाच्या कागदामुळे गाण्याला दुकानात जागा मिळाली असेल तर त्या कागदाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तेहरानमधल्या एखाद्या मुलीनं तो उलगडून टेपरेकॉर्डरशेजारी ठेवला असेल, हे डोळ्यांसमोर येतं.

पण गाण्याचे छापील शब्द उघडले की तो कागद अडखळतो. मुलगा म्हणतो, मला जाऊ द्याल का? त्यानंतरची ओळ ‘बिस्मिल्ला’नं सुरू होते आणि तीच ओळ पुढे म्हणते, नाही, आम्ही तुला सोडणार नाही. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदाही तसंच. ‘सोडा त्याला’ हे कंसात, बाजूच्या गटाच्या तोंडी. म्हणजे तिन्ही वेळा देवाचं नाव न सोडणाऱ्यांच्या ओळीत आहे. ऐकतानाही तो शब्द जडशीळ समूहाच्या आवाजात येतो, मुलाच्या एकट्या, पातळ आवाजात नाही. पहिल्या ‘बिस्मिल्ला’नंतर क्षणभराची फट आहे, तिच्यावर बोट ठेवून अनेक जण म्हणतात की हाक मुलाची आणि ‘नाही’ हे जमावाचं उत्तर. पहिल्या वेळेपुरतं हे चालेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तशी फट नाही.

आणि मग रूममेटचं म्हणणं. बिस्मिल्ला सुरुवातीला म्हणतात. जमाव देवाचं नाव घेतो आणि कामाला हात घालतो. गयावया करणारा मुलगा समोर आहे, आणि त्याच्याशी जे करायचं ते करणाऱ्यांना आपण बरोबर आहोत याची खात्री आहे, इतकी की त्यांनी आरंभच पवित्र शब्दानं केला. त्यात शब्दाचा दोष नाही. रोमच्या धर्मपीठानं गॅलिलिओला घरात डांबलं तेही देवाच्याच नावानं. असं ऐकलं की मधलं मिनिट हसरं राहत नाही. आणि त्यानंतर लगेच येणारा दगड मारण्याचा आणि थुंकण्याचा संताप कुठून आला तेही कळतं.

2023: पंधरा कागद

सप्टेंबर 2023 मध्ये लंडनला सदबीज् या लिलावगृहात मेरी ऑस्टिननं फ्रेडीच्या वस्तू विकायला काढल्या. त्यात या गाण्याचे हस्तलिखित खर्डे होते, पंधरा पानं, ब्रिटिश मिडलंड एअरवेज या विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेली. 6 सप्टेंबरला ती जवळपास 13 लाख 80 हजार पौंडांना गेली. एका पानावर शीर्षक होतं ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’, आणि ते खोडून ‘बोहेमियन’ केलेलं.

पैशांची बातमी सगळीकडे झाली. माझी नजर एका ओळीवर खिळली. खर्ड्यात आईला उद्देशून म्हटलं होतं की युद्ध सुरू झालंय आणि मला आज रात्री निघायला हवं. खून नाही, युद्ध. चाहत्यांनी लगेच झांझिबारचं 1964 आठवलं, आणि मलाही तेच आठवलं. दुसरीकडे त्याचा कॉलेजातला मित्र ख्रिस स्मिथ सांगतो की आई, मी माणूस मारला, ही ओळ फ्रेडी साठच्या दशकाच्या शेवटीच पियानोवर वाजवायचा, आणि ते मित्र त्याला ‘काउबॉयचं गाणं’ म्हणायचे.

दोन्ही खरं धरलं तर मला त्यातून एक गोष्ट दिसते. निघण्याचं कारण तो बदलून बघत होता: कधी खून, कधी युद्ध. न बदलणारी गोष्ट एकच, आईचा निरोप. युद्धावर जाणाऱ्या मुलाला आई आशीर्वाद देऊन पाठवते, त्यात लाज नसते. खून केलेल्या मुलाला तोंड लपवून जावं लागतं. त्यानं लाज असलेलं कारण निवडलं, आणि त्यामुळे गाणं प्रत्येकाच्या लाजेला बसेल असं झालं. कबुलीवाल्या चाहत्यांना त्यांचं गुपित त्यात सापडतं ते याच जागेमुळे, तेहरानच्या कागदाला पश्चात्ताप सापडतो तोही याच जागेमुळे. आणि पाचगणीच्या बोटीत बसवलेलं आठ वर्षांचं मूल मला तिथं दिसतं. निरोपाचं कारण त्या वयात कुठं नीट कळतं? काहीतरी आपल्याच हातून चुकलं असणार, असंच मुलांना वाटतं.

गेल्या पावसाळ्यात मी मिरजेला गेले होते. रूममेटच्या मुलानं फोनवर गाणं लावलं, आम्ही स्वयंपाकघरात बसून ऐकलं. त्या जागी आता काही थरथरत नाही, एकेक गळा वेगळा ऐकू येतो. मी तिला सांगितलं की छापील शब्द तुझ्या बाजूनं आहेत, जमावच म्हणतो. ती भाकरी भाजत होती. म्हणाली, “मग त्या पोरानं काय म्हटलं असतं?” मला सांगता आलं नाही. तिनं ताटं वाढली, गॅस बंद केला, माझ्या शेजारी बसली आणि पहिला घास उचलताना हलक्या आवाजात बिस्मिल्ला म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हे मी म्हटलं. तू जेव आता.”